विदूषकाचा पदत्याग

फ्रेंच चित्रपटाच्या युद्धोत्तर इतिहासात झाक ताती ह्या नावापुढे जो शेरा हटकून मारलेला आढळतो त्याचा मथितार्थ असा, की हा एक असामान्य विनोदी नट व दिग्दर्शक होता, त्याने तीन चित्रपट काढून जगाला हसविले, आणि पुढे कीर्तीने डोके फिरल्यामुळे म्हणा किंवा जात्याच हट्टी असल्यामुळे म्हणा, पॅरिसच्या वेशीवर काच आणि पोलाद ह्यांचे एक अख्खे नगर उभारून त्यात त्याने आपले घर, आपली कंपनी आणि आपल्या चित्रपटांचे हक्क, सारे काही घालविले. ह्या निकालपत्रातील तपशिलाविषयी माझी तक्रार नाही. कर्ज खरे, जप्ती खरी, लिलावही खरा. तक्रार आहे ती निष्कर्षाविषयी. 'प्लेटाइम' ह्या चित्रपटाला तातीच्या कारकिर्दीतील अपघात मानणे मला मान्य नाही; तो तिचा अपरिहार्य शेवट होता. जो विदूषक प्रेक्षकांना हवा होता त्यालाच तातीने चित्रपटागणिक एकेक पाऊल मागे घेत रंगमंचाच्या मध्यावरून कडेला, आणि कडेवरून गर्दीत नेऊन सोडले. आणि लोकांनी त्याला जो दंड केला तो माझ्या मते उधळपट्टीचा नव्हता, ह्या पदत्यागाचा होता.

त्याचे मूळ आडनाव तातिशेफ. पॅरिसजवळच्या ल पेक ह्या गावी ९ ऑक्टोबर १९०७ रोजी त्याचा जन्म झाला. आजा रशियन सैन्यातील अधिकारी, पॅरिसच्या रशियन वकिलातीत नेमणुकीवर आलेला. आईचे माहेर डच-इटालियन, आणि त्या घराण्याचा चित्रांना चौकटी करून देण्याचा धंदा इतका प्रतिष्ठित, की जावई त्यात शिरला तो कायमचाच आणि नातवानेही तीच वाट धरावी ह्यात कोणास काही वावगे वाटले नाही. पुढे ज्याने दृश्याची चौकट चारही कोपऱ्यांपर्यंत भरून काढली त्याची उमेदवारी चौकटींच्याच कारखान्यात व्हावी, ह्या योगायोगाचा चरित्रकारांना मोठा मोह पडतो. मला तो मोह अंमळ स्वस्त वाटतो. तातीने आपला धडा गिरविला तो घोडदळातील सक्तीच्या नोकरीत आणि 'रासिंग क्लब' ह्या संघाच्या रग्बी-खेळाडूंच्या संगतीत, जिथे सहा फुटांहून कितीतरी उंच असलेला हा गडी सामना आटोपल्यावर कपडे बदलण्याच्या खोलीत तोच सामना, त्यातील खेळाडू, पंच आणि चेंडू ह्यांच्यासकट, एकट्याच्या अंगाने पुन्हा खेळून दाखवीत असे.

ह्या नकलांवरच त्याने पुढे म्युझिक हॉलमध्ये पोट भरले. टेनिसपटू, मुष्टियोद्धा, फुटबॉलचा गोलरक्षक अशी त्यातील पात्रे. सर्वांत नावाजलेली नक्कल घोडा आणि स्वार ह्यांची, जिच्यात तोच इसम कमरेखाली जनावर आणि कमरेवर सरदार होई. कोलेत ह्या विख्यात लेखिकेने १९३६ मध्ये ह्या नकलेची मुक्तकंठाने वाखाणणी केली. सामान्य नकलाकार एखाद्या व्यक्तीचे व्यंग उचलतो आणि त्यावर टाळी घेतो. ताती प्रसंगच्या प्रसंग उचलीत असे, आणि त्यात व्यंगापेक्षा निरीक्षण अधिक असे. एका शरीरात अनेकांना सामावून घेण्याची ही विद्या पुढे उलट फिरली आणि अनेक शरीरांत स्वतःला विरघळवून टाकण्याची विद्या झाली. त्याच्या सहा कथापटांचा क्रम लावून पाहिला तर ह्याहून वेगळी कथा मला त्यात दिसत नाही.

१९३९ मध्ये लष्कराचे बोलावणे आले, १९४० च्या मे महिन्यात म्यूझ नदीकाठची लढाई त्याच्या वाट्याला आली, आणि पराभवानंतर जर्मन अंमलाखालील पॅरिसमध्ये तो पुन्हा रंगमंचावर उभा राहू लागला. ह्या काळातील त्याचे वर्तन सर्वस्वी वाखाणण्याजोगे नव्हते. सोबतच्या एका नर्तकीपासून झालेल्या मुलीला त्याने आपले नाव दिले नाही. आणि २०१० साली सिल्व्हें शोमे ह्याने तातीच्या एका पडून राहिलेल्या पटकथेवरून 'लिल्यूझियोनिस्त' हा सुरेख अ‍ॅनिमेशनपट काढला तेव्हा ते जुने प्रकरण पुन्हा चव्हाट्यावर आले. पडद्यावर मुलांविषयी इतकी माया दाखविणाऱ्याने घरी असे वागावे, ह्याचे समर्थन करण्याचा माझा इरादा नाही.

१९४३ मध्ये सहलेखक आंरी मार्के ह्याच्यासमवेत तो मध्य फ्रान्सातील सेंत-सेव्हेर ह्या खेड्यात मुक्कामाला होता. चार वर्षांनी तो कॅमेरे घेऊन तेथे परतला. दरम्यान राजकारण पालटले होते. १९४६ च्या मे महिन्यात लेओं ब्लुम आणि अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बर्न्स ह्यांच्यात जो करार झाला त्यान्वये अमेरिकेने फ्रान्सची जुनी देणी माफ करून नवे कर्ज दिले, आणि त्याच करारात फ्रेंच चित्रगृहांनी दर तिमाहीतील चार आठवडे स्वदेशी चित्रपटांना राखून ठेवावेत, उरलेले सर्वांना खुले, असे कलम घातले गेले. युद्धकाळात तुंबून राहिलेले हॉलिवूडचे चित्रपट मग लोंढ्याने आले आणि फ्रेंच चित्रव्यवसायात एकच हाकाटी उठली. तातीचा पहिला कथापट 'झुर द फेत', म्हणजे जत्रेचा दिवस, ह्या पार्श्वभूमीवर पाहावा. जत्रेच्या राहुटीत अमेरिकन टपालखात्याच्या चपळाईवरचा बोलपट पाहून गावचा पोस्टमन फ्रांस्वा अमेरिकन पद्धतीने टपाल वाटायचे मनावर घेतो, धावत्या मालमोटारीच्या मागच्या फळीला धरून तिचेच मेज करून पत्रांवर शिक्के मारतो, आणि अखेर सायकलसकट पाण्यात जातो. मग पिशवी एका पोराच्या गळ्यात पडते आणि फ्रांस्वा वाळल्या गवताच्या कामात गावकऱ्यांना हात देऊ लागतो. अमेरिकेची हेटाळणी ह्यात नाही. हेटाळणी आहे ती कोणी सांगितले नसता घाई अंगाला लावून घेण्याच्या वृत्तीची.

हा चित्रपट तॉमसोंकलर नावाच्या नव्या स्वदेशी पद्धतीने रंगीत व्हायचा होता. परंतु त्या फिल्मच्या प्रती काढण्याची विद्या कंपनीला साधेचना, आणि शेजारी साधा कृष्णधवल कॅमेरा चालू ठेवण्याचे शहाणपण दाखविले होते म्हणूनच तो १९४९ मध्ये लोकांसमोर येऊ शकला. रंगीत प्रत पडद्यावर आली ती १९९५ मध्ये, तातीची कन्या आणि संकलक सोफी हिच्या खटपटीने. वितरकांनी प्रारंभी बराच काळ ह्या चित्रपटास हात लावला नाही. पण व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेचे पारितोषिक मिळाले, गर्दी लोटली, आणि मग त्याच मंडळींनी पोस्टमनाचे पुढचे भाग काढण्याचा लकडा लावला. तातीने साफ नकार दिला. फ्रांस्वा हा नकलाकाराचा नायक होता: सारा खेळ त्याच्या अंगावर आणि साऱ्या नजरा त्याच्याकडे. पैसा तेथेच होता, आणि तेथूनच तो निघाला.

निघाला तो मस्य युलोकडे. 'मस्य युलोची सुटी' हा चित्रपट १९५३ चा. सें-नाझेर बंदराजवळील सें-मार्क-स्यूर-मेर ह्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात घडणारा. तोंडात चिलीम, डोक्यावर हॅट, आखूड तुमानीतून डोकावणारे मोजे, आणि पुढे कललेले उंच शरीर, जे चालताना जमिनीची परवानगी मागत असल्यासारखे टाचा उचलून पडते. ह्या माणसाविषयी आपल्याला दोन घटकांत जे कळते त्याहून अधिक काही अखेरपर्यंत कळत नाही, आणि हे हेतुतः आहे. प्रारंभीच्या दृश्यात स्थानकावरील ध्वनिक्षेपक काहीतरी अगम्य बरळतो आणि प्रवाशांचा लोंढा भुयारातून ह्या फलाटावरून त्या फलाटावर धावतो. युलो अद्याप आलेलाही नाही आणि विनोद सुरू झालेला आहे. पुढे व्यापारी सुटीतही टेलिफोनकडे धावतो, निवृत्त लष्करी अधिकारी सहलीला कूच करण्याचे हुकूम सोडतो, तरुण विद्यार्थी समुद्राकडे पाठ करून राजकारणावर प्रवचन झोडतो. सुटी घेण्याचे काम ही माणसे कचेरीच्या शिस्तीने पार पाडतात. आंद्रे बाझें ह्या थोर समीक्षकाने ह्या चित्रपटावर जो निबंध लिहिला त्याचा विषयच मुळी काळ हा आहे, आणि त्यात त्याने ध्वनीचा जो विचार केला आहे तो आजही ताजा आहे: तातीच्या चित्रपटांत संवाद ऐकू येतात पण महत्त्वाचे नसतात, उलट भोजनगृहाच्या दाराचा तो एक ढब्ब असा आवाज एखाद्या पात्राइतका ठसतो. सारा ध्वनी तो चित्रीकरणानंतर वेगळा बसवीत असे, एकेक टाच आणि एकेक बिजागरी निवडून.

चॅप्लिनहून तो निराळा कोठे ठरतो हे ह्याच चित्रपटातील एका प्रसंगावरून तो स्वतः समजावून देत असे. युलोची मोटार दफनभूमीत शिरते, चाकाची ट्यूब बाहेर पडून तिला ओली पाने चिकटतात, आणि शोकाकुल मंडळी तिला पुष्पचक्र समजून थडग्यावर ठेवतात. चॅप्लिन असता तर प्रसंगातून सुटण्यासाठी पाने त्याने स्वतः चिकटवली असती आणि त्या हिकमतीवर टाळी घेतली असती. युलोला झालेला घोटाळा उमगतच नाही. तो रांगेत उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी विनयाने हस्तांदोलन करीत राहतो. विनोद करणारा येथे कोणी नाही. विनोद घडतो, आणि तो हेरायचा प्रेक्षकाने.

ह्या भेदाचे परिणाम फार दूरवर गेले. १९५८ च्या 'मों ओंक्ल', म्हणजे 'माझा मामा', ह्या चित्रपटात युलोच्या वाट्याला अर्धाच चित्रपट येतो; उरलेला त्याची बहीण, तिचा कारखानदार नवरा आर्पेल आणि त्यांचे ते नवमतवादी घर ह्यांचा आहे. झाक लाग्रांझ ह्या चित्रकाराच्या साहाय्याने तातीने हे घर नीस येथील व्हिक्तोरीन स्टुडिओत उभारले. दर्शनी दोन गोल खिडक्या, ज्यांत रात्री नवराबायकोची डोकी आली की घराला बुबुळे फुटतात. अंगणात पत्र्याचा उभा मासा, ज्याच्या तोंडून कारंजे उडते, पण दारावरची घंटा वाजली की मगच, आणि पाहुणा मामुली निघाला की तोटी लगेच बंद. ह्या माशावरून तातीला जुन्या काळाचा भाट ठरविण्याची जी प्रथा पडली आहे ती मला वरवरची वाटते. आर्पेल दांपत्य नव्या घरात राहते ह्याला त्याचा आक्षेप नाही. ते त्या घरात मुळी राहतच नाही, नुसते दाखवीत असते, ह्याला आहे. जुन्या मोहल्ल्यातला झाडूवालाही कचऱ्याच्या ढिगाला झाडू लावायच्या आत कोणाशी तरी गप्पा छाटीत बसतो आणि ढीग तसाच राहतो. तातीच्या हसण्यातून तोही सुटत नाही.

कानला ह्या चित्रपटाने परीक्षक मंडळाचे विशेष पारितोषिक मिळविले आणि १९५९ मध्ये परभाषी चित्रपटाचे ऑस्कर. हॉलिवूडकरांनी पाहुण्याची काय इच्छा आहे असे विचारले तेव्हा त्याने तारकांच्या मेजवान्या मागितल्या नाहीत. मॅक सेनेट, स्टॅन लॉरेल आणि बस्टर कीटन ह्या तीन वृद्धांना भेटायचे आहे एवढेच सांगितले. मूकपटाच्या ह्या गुरुजनांना भेटून परतलेल्या तातीच्या हातात त्या क्षणी असा अधिकार होता, की युलोचे चित्रपट दर दोन वर्षांनी काढीत राहिला असता तर तो अब्जाधीश नव्हे तरी सुखवस्तू म्हणून खचितच मेला असता.

त्याने केले ते भलतेच. पॅरिसच्या आग्नेयेस झोआंव्हिलजवळ सुमारे १५,००० चौरस मीटरच्या मोकळ्या जागेत १९६४ साली त्याने एक नगर उभारावयास घेतले: रस्ते, वाहतुकीचे दिवे, स्वतःचे वीजघर, काचेच्या कचेऱ्या, आणि पार्श्वभूमीला रुळांवरून सरकविता येणाऱ्या इमारती, ज्यांतील काही निव्वळ मोठी केलेली छायाचित्रे होती. लोक त्यास 'तातीव्हील' म्हणू लागले. खरे विमानतळ आणि खऱ्या कचेऱ्या पॅरिसभोवती तेव्हा दर महिन्याला उभ्या राहत असता हा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला. उत्तर सरळ आहे: ओर्लीचा विमानतळ महिनोन् महिने कोणा चित्रपटवाल्याच्या सोयीसाठी बंद ठेवता येत नाही, आणि काचेवरचे प्रतिबिंब तातीला बोटभर इकडचे तिकडे चालत नसे. वादळाने संचाची नासधूस केली, पैसे संपले की काम तहकूब, पैसे आले की पुन्हा सुरू, अशा रीतीने चित्रीकरण १९६७ पर्यंत रखडले. ७० मिलिमीटरच्या फिल्मवर घेतलेला हा चित्रपट डिसेंबर १९६७ मध्ये पॅरिसला प्रदर्शित झाला तेव्हा तो सुमारे अडीच तासांचा होता. थिएटरवाल्यांची कुरकुर ऐकून तातीने स्वतःच त्याला कात्री लावली आणि तो दोन तासांच्या आसपास आणला.

आणि ह्या नगरात युलो कोठे आहे? आहे, पण शोधावा लागतो. त्याच्यासारखीच हॅट आणि त्याच्यासारखाच रेनकोट घातलेली माणसे तातीने गर्दीत ठिकठिकाणी पेरून ठेवली आहेत; आपण हर्षाने त्याला ओळखावे आणि माणूस वळताच तो भलताच निघावा, असे एकदा नव्हे अनेकदा घडते. जवळून घेतलेला चेहरा संपूर्ण चित्रपटात नाही. जिफार नावाच्या अधिकाऱ्याला भेटायला युलो कचेरीत येतो, लांबलचक सरळ मार्गिकेच्या टोकाला तो अधिकारी दिसू लागतो, त्याच्या बुटांचा खटखटाट ऐकू येऊ लागतो, आणि युलो उत्साहाने उठला की दरवान त्याला पुन्हा बसवतो, कारण साहेब अद्याप फार दूर आहेत. प्रवासी कंपनीच्या भिंतीवर देशोदेशीची भित्तिपत्रे आहेत आणि प्रत्येकावर तीच एक इमारत. आयफेल मनोरा अमेरिकन पाहुण्यांना दिसतो तो काचेच्या दारावरच्या प्रतिबिंबात, दार उघडझाप होण्यापुरता. हे सारे मोठ्याने सांगितले जात नाही. दृश्याच्या एका कोपऱ्यात एक गोष्ट, दुसऱ्यात दुसरी; ज्याला जी सापडेल ती त्याची.

चित्रपटाच्या उत्तरार्धाचा मोठा भाग 'रॉयल गार्डन' ह्या उपाहारगृहाच्या उद्घाटनाच्या रात्रीचा आहे, आणि विनोदाच्या इतिहासात ह्या रात्रीच्या तोडीचे दृश्य मला दुसरे ठाऊक नाही. रंग वाळलेला नाही, फरशी बुटाला चिकटून येते, खुर्च्यांच्या पाठीवरील मुकुटाचा ठसा गिऱ्हाइकांच्या अंगावर उमटतो. एका ताटातील मासळीवर येईल तो वाढपी नव्याने मसाला घालतो आणि ती अखेरपर्यंत कोणाला वाढली जात नाही. ज्या वाढप्याचा पोशाख खुर्चीत अडकून फाटला त्याच्याकडे आपापल्या फाटक्या वस्तू सोपवून त्याच्या धड वस्तू घेऊन जाण्याचा इतरांचा क्रम चालू राहतो. काचेचे दार युलोच्या धडकेने चक्काचूर होते. दरवान मात्र मोठी पितळी मूठ हवेत धरून नसलेले दार उघडतो आणि लावतो, आणि पाहुणे नसलेल्या दारातून अदबीने आत येतात. पुढे छताची सजावटच कोसळते, आणि पडझडीच्या त्या आडोशात एक धनिक अमेरिकन आपली खाजगी बैठक थाटतो, जिच्यात प्रवेश पाठीवर मुकुटाचा ठसा असणाऱ्यांनाच. येथे ध्यानात घ्यावे ते असे, की ज्या क्षणी इमारत बिघडते त्या क्षणापासून माणसे एकमेकांशी बोलू लागतात, गाऊ लागतात, अनोळखी माणसाच्या मेजावर बसू लागतात. काचेचे नगर तातीने जाळले नाही की पाडले नाही. माणसांनी ते वापरून वापरून आपलेसे केले, एवढेच त्याने दाखविले. जो ह्यात भूतकाळाचा शोक पाहतो त्याने बहुधा पहिल्या तासानंतर उठून घर गाठले असावे. पहाटे चौकातील मोटारी गोल गोल फिरताना त्यांची जत्रेतील चक्री होते, आणि युलोने अमेरिकन तरुणीसाठी घेतलेली छोटीशी भेट तिच्या हाती पडते, पण ती देणारा युलो नसतो. तो अडकून पडलेला असतो, आणि भेट पोचविणारा त्याच्यासारखाच दिसणारा कोणी दुसरा असतो. नायिकेचा निरोप घेण्याचा मानही नायकाने सोडून दिला, असा दुसरा विनोदी चित्रपट दाखवावा.

ह्याची किंमत सगळ्यांना माहीत आहे. सें-जेर्मां-आं-ले येथील राहते घर गहाण पडले, घराण्याचा पैसा गेला, धनकोंचे तगादे लागले. 'स्पेक्ता फिल्म्स' ही त्याची कंपनी न्यायालयाने नेमलेल्या कारभाऱ्यांच्या हाती गेली आणि १९७४ मध्ये तिचे विसर्जन होऊन आधीच्या सर्व चित्रपटांचे हक्क मातीमोलाने लिलावात निघाले. संच तरुण दिग्दर्शकांच्या उपयोगासाठी जतन व्हावा अशी तातीची इच्छा होती. फ्रान्सात त्या वेळी आंद्रे मालरो ह्यांच्यासारखा साहित्यिक संस्कृतिमंत्री होता, आणि तरीही तो संच जमीनदोस्त झाला. उधळपट्टीचा आरोप करणाऱ्यांनी एक तुलना करून पाहावी. १९६३ च्या 'क्लिओपात्रा'ने ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सला जवळजवळ बुडविले, पण दिग्दर्शकाच्या घरावर कोणी बोजा चढविला नाही. तोटा कंपनीच्या खात्यात गेला. ताती स्वतःच निर्माता, स्वतःच दिग्दर्शक, स्वतःच नट, आणि सर्वांत घातक म्हणजे स्वतःच स्वतःचा जामीनदार होता. एखाद्या नटीच्या मानधनावर जो खर्च निमूटपणे मंजूर होतो तो त्याने रस्त्यावर आणि काचेवर केला. युद्धाच्या दृश्यासाठी पलटणी उभ्या करणाऱ्या दिग्दर्शकाला आपण भव्यतेचा उपासक म्हणतो. हसण्यासाठी तेवढेच केले की तो वेडा ठरतो. विनोद स्वस्तात व्हावा अशी एक अलिखित अट आपण विनोदकारावर घातलेली असते.

त्याचा दोष नव्हता असे मात्र नाही. खास यंत्रणा असलेल्या चित्रगृहांतच हा चित्रपट लागावा हा प्रारंभीचा आग्रह हिशेबाच्या दृष्टीने आत्मघातकी होता. अमेरिकेत तो लागायला १९७३ उजाडले. कोणाचा सल्ला मानणे त्याच्या स्वभावात नव्हते, आणि त्याच्या दिरंगाईचा भुर्दंड सोबतच्या लोकांनीही सोसला. पण हे सारे दुरुस्त झाले असते तरी तिकिटाच्या खिडकीवर फारसा फरक पडला असता असे मला वाटत नाही. लोक युलोला पाहायला आले होते आणि त्यांना युलो मिळाला नाही.

पुढच्या दोन चित्रपटांपैकी १९७१ च्या 'त्राफिक'मध्ये कर्जाच्या रेट्याखाली युलो परत आला. आम्स्टरडॅमच्या मोटार-प्रदर्शनाला निघालेल्या गाडीच्या ह्या कथेत गंमत आहे, पण तिच्यावर फार शाई खर्च करावी असे नाही. १९७४ चा 'पाराद' मात्र उपेक्षिला गेला हा अन्याय आहे. स्वीडिश दूरचित्रवाणीच्या पैशाने, बराचसा व्हिडिओवर घेतलेला हा सर्कशीचा खेळ. त्यात युलो नाहीच. सदुसष्ट वर्षांच्या उंबरठ्यावरचा ताती येथे आपल्या म्युझिक हॉलच्या जुन्या नकला पुन्हा करतो, घोडा आणि स्वारासकट, आणि बाजूला होतो. मग खेळ प्रेक्षकांत पसरतो, बाकांवरची माणसे रिंगणात उतरतात, आणि शेवटी सारे गेल्यावर दोन लहान मुले मागे पडलेल्या सामानाशी आपला खेळ मांडतात. ज्या दिशेने तो १९४९ पासून चालत होता त्या दिशेला ह्यापुढे जागा उरली नव्हती. तरी 'कॉन्फ्युजन' नावाचा एक चित्रपट त्याने योजला होताच, ज्यात दूरचित्रवाणीच्या थेट कार्यक्रमात चुकून खरी गोळी सुटून युलो प्रारंभीच ठार व्हायचा होता. तो कधी झाला नाही. १९७७ मध्ये फ्रेंच चित्रसृष्टीने सन्मानाचा सेझार दिला. नोव्हेंबर १९८२ मध्ये पॅरिसला त्याचे निधन झाले.

समकालीनांपैकी ज्याला हा पदत्याग कळला तो फ्रांस्वा त्र्युफो असावा, कारण १९७० च्या आपल्या एका चित्रपटात त्याने भुयारी रेल्वेच्या फलाटावर क्षणभर एक युलो आणून उभा केला. म्हणजे तातीने सुरू केलेली तोतयांची पलटण त्याने आपल्या चित्रपटातही चालू ठेवली. पुढच्यांनी घेतले ते सोयीचे तेवढे. रोवन अ‍ॅटकिन्सनने युलोचे ऋण मोकळेपणी मानले आहे, २००७ च्या 'मिस्टर बीन्स हॉलिडे'च्या नावातही ते आहे. परंतु कॅमेरा बीनला सोडून क्षणभरही इकडे-तिकडे जात नाही, आणि म्हणून बीन जगभर चालला. २००२ मध्ये 'प्लेटाइम'ची जीर्णोद्धारित प्रत कानला दाखविली गेली, आणि 'साइट अँड साउंड' ह्या नियतकालिकाने २०२२ मध्ये जगभरच्या समीक्षकांचा जो कौल घेतला त्यात हा बुडीत चित्रपट तेविसाव्या क्रमांकावर आला. कौल आनंदाचाच आहे. पण आज त्याला 'उत्कृष्ट अपयश' म्हणून जे गौरविले जाते त्यातही जुन्या निकालपत्राची शाई मला दिसते. चित्रपट अपयशी नव्हताच. त्याचा व्यवहार अपयशी होता, आणि दोहोंची नोंद एकाच खात्यात करण्याचे कारण नाही.

आमच्याकडील चित्रमंडळांनी ह्या दिग्दर्शकाचा महोत्सव भरवावा असे मला वाटते, मात्र क्रम लावून: आधी पोस्टमन, मग समुद्रकिनारा, मग मामा, आणि 'प्लेटाइम' सर्वांत शेवटी, मिळेल त्यात मोठ्या पडद्यावर. हातातील मोबाइलवर तो पाहू नये; कोपऱ्यातील वाढपी तेथे मुंगीएवढा होतो आणि तातीची सारी मेहनत पाण्यात जाते. खेळ संपल्यावर चर्चेचा कार्यक्रम ठेवण्याऐवजी पैसे आणि इच्छा असेल त्यांना तोच चित्रपट दुसऱ्या दिवशी पुन्हा, वेगळ्या खुर्चीवरून दाखवावा. आणि युलो फारच थोडा दिसला म्हणून कोणी तिकिटाचे पैसे परत मागू लागला तर वाद न घालता ते त्याला द्यावेत.